पेटी पुढे, मी मागून

बाजारात त्यांना सगळे मशीनवाल्या ताई म्हणत. दुकानाच्या पाटीवरही नाव नव्हते, नुसते लिहिले होते, ‘परदेशी शिलाई मशिने. जुनी, पण चालू’. त्यातले ‘पण चालू’ ताईंनी हट्टाने घालून घेतले होते. पाटी रंगवणारा कुरकुरला होता, “ताई, जुनी म्हटलं की गिऱ्हाईक फिरकणार नाही.” ताई म्हणाल्या होत्या, “मी काय नवी आहे? माझ्याकडे येतात ना लोक?”

हा धंदा सुरू झाला तो धाकट्या भावाच्या रडण्यातून. भाऊ तरुणपणीच परदेशी गेला होता, कपड्यांच्या एका कारखान्यात मशीनदुरुस्तीच्या कामावर. इकडे ताईंचे यजमान गेले, पदरात लहान मुलगा राहिला, आणि त्याच सुमारास तिकडे भावाचा कारखाना बंद पडला. त्याचा फोन आला. “ताई, इथली मशीनं भंगारात चाललीत गं. इतकी वर्षं मीच त्यांना तेल घातलंय. बघवत नाही.”

“रडू नकोस सुतारा,” ताई म्हणाल्या. “इकडे पाठव. इथे शिवणारे हात पुष्कळ आहेत.”

सुतार हे त्याचे घरातले नाव, आणि ते कौतुकाचे नव्हते. लहानपणी घरात टेबल नव्हते. ताई साबणाच्या रिकाम्या खोक्यावर वही ठेवून अभ्यास करायच्या. एक दिवस भावाने कुठून तरी काठ्या पैदा केल्या, खोक्याला पाय म्हणून ठोकल्या आणि ऐटीत म्हणाला, “हे घे तुझं टेबल.” ते इतके डगमगायचे की ताईंची अक्षरे ओळीवर बसेनात. एका पायाखाली कागदाची घडी घातली की दुसरा पाय हवेत जायचा. आईने हसून हसून डोळे पुसले आणि तेव्हापासून तो सुतार झाला. तो मात्र चिडला नाही. “मोठा झालो की न डगमगणारं करून देईन, मग हसा,” एवढेच म्हणाला. मोठा झाल्यावर तो मशिनांचा मेस्त्री झाला आणि टेबल राहून गेले. पण ताईंनी कधी फोनवर त्याला धाक घातला, चिडवले, तर तो म्हणायचा, “तुझं टेबल देणं आहे माझ्याकडे, म्हणून ऐकून घेतोय.”

परदेशातून माल आणणे म्हणजे काय हे ताईंना कुणी शिकवले असेल तर मामांनी. मामा म्हणजे गोदीतून माल सोडवून देणारे कस्टमचे एजंट. मुळात ते कुणाचे मामा होते कोण जाणे, फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून वरच्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. पहिल्या खेपेलाच त्यांनी ताईंना समोर बसवून सांगितले, “कस्टमवाल्यांना फार काही नको असतं. हे काय आहे, कुठून आलं, केवढ्याचं. त्यात पहिला प्रश्न सगळ्यात अवघड.”

“शिलाई मशीन आहे. त्यात अवघड काय?”

“आत चिंध्या आहेत ना.”

मशीन मशिनावर आपटू नये म्हणून भावाने मधल्या जागेत जुन्या कापडाच्या चिंध्या कोंबल्या होत्या. आणि जुने कापड म्हणजे कस्टमच्या लेखी वेगळाच माल, त्याला निर्जंतुक केल्याचा वेगळा दाखला. चिंध्यांपायी मशिने गोदीत अडकून पडली. ताईंनी फोनवर भावाची हजेरी घेतली, “मशिनांना पांघरुणं कशाला घातलीस?” तो म्हणाला, “थंडी फार आहे गं इथे.” पुढच्या खेपेपासून त्याने चिंध्यांना हात लावला नाही.

असे करत करत दोघे शिकले. मशिनावरचा नंबर पुसट झाला असेल तर आधीच फोटो काढायचा. मोटार वेगळी पाठवली तर तो सुटा भाग, मशिनाला जोडून पाठवली तर ती मशिनातच धरली जाते. मग लाकडाचा नियम आला. परदेशी लाकडातून किडे येतात आणि इथली झाडे खातात, म्हणून पेट्यांचे लाकूड तापवून भाजून घ्यायचे आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचे चित्र असलेला शिक्का डागायचा. शिक्का नसेल तर पेटी अडली, आणि पेटी अडली की आतला मालही अडला. ताईंनी त्या शिक्क्याचा धसकाच घेतला. दर खेपेला माल निघायच्या आधी त्यांचा फोन जायचा.

“शिक्का बघितलास?”

“बघितला.”

“चारी बाजूंना?”

“बघितला गं माझे आई. ओंबीतले दाणे मोजून सांगू का?”

मामा म्हणायचे, ताईंची पेटी डोळे मिटून सोडावी. आणि खरोखरच, वर्षानुवर्षे ताईंचा माल कधी अडला नाही. त्या पैशावर मुलगा शिकला, नोकरीनिमित्त दूर गेला, त्याचे लग्न झाले. सून मात्र इथेच राहून नोकरी करत होती आणि ताईंचे व तिचे मेतकूट जमले होते.

भावाने लग्न केले नाही. घरामागे त्याची छोटीशी जागा होती आणि तिथे एक अक्रोडाचे झाड. झाडाच्या बातम्या ताईंना माणसांच्या बातम्यांसारख्या कळायच्या. यंदा फार धरलंय, यंदा खारी आल्यात. मग एका वादळात ते झाड आडवे झाले. पुढच्या दोन-तीन फोनवर भाऊ झाडाचा विषयच काढेना. नंतर म्हणाला, “कापून फळ्या केल्यात. शेडमध्ये सुकायला ठेवल्यात.” ताईंना वाटले, विकायला असतील.

पुढे त्याचे गुडघे बोलू लागले, थंडी सोसेना. एक दिवस फोनवर म्हणाला, “ताई, तुझ्याकडे एक खोली आहे ना रिकामी?”

“खोली आहे. रिकामी नाही. तुझीच आहे.”

“मग येतो. कायमचा.”

त्या दिवसापासून फोनवर धंद्याचे बोलणे मागेच पडले. कुठल्या खोलीत ऊन येते, नळाला पाणी किती वाजता येते, तो घोरतो त्याचे काय करायचे, दुकानात त्याने कुठे बसायचे, याच गप्पा. शेवटची खेप म्हणून त्याने काही निवडक मशिने काढून ठेवली होती. बोलता बोलता म्हणाला, “या वेळची पेटी मी स्वतः केलीय. फोडू नकोस. पहार लावायची नाही, स्क्रू काढायचे. आणि झाकण आहे ना, ते झाकण नाही.”

“मग काय आहे?”

“सुताराला विचारायचं नसतं. पेटी पुढे, मी मागून. आल्यावर कळेल.”

ताईंना तेव्हाच कळले होते. फोन ठेवून त्यांनी जेवणाच्या खोलीतले जुने टेबल इस्त्रीवाल्याला देऊन टाकले आणि दाराची रुंदी मोजायला टेप शोधू लागल्या. सून म्हणाली, “आई, नवं यायच्या आधी जुनं कशाला काढताय? आपण काय उभ्यानं जेवायचं?” ताई म्हणाल्या, “थोडे दिवस जमिनीवर बसू. माझा भाऊ टेबल आणतोय.”

आणि त्या वेळी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी शिक्क्याचे विचारले नाही. पेटीबद्दल त्यांच्या मनात विचार होता तो टेबलाचा. भावाच्याही मनात टेबलच होते. माल बांधायची पेटी म्हणून दोघांपैकी कुणीच तिच्याकडे पाहिले नाही.

जहाज निघाले आणि भाऊ गेला. दुपारची वेळ होती, ताई एका गिऱ्हाइकाला मशिनाचा पट्टा बसवून दाखवत होत्या. फोनवर भावाची शेजारीण होती, तिला ताईंची भाषा येईना, ताईंना तिची येईना. ती नुसती “सॉरी, सॉरी” म्हणत राहिली, आणि तेवढ्यावरून ताईंना सगळे समजले. तो सकाळी अंगणात बर्फ लोटायला गेला तो परत आत आला नाही. जायला परवानगीचे कागद वेळेत मिळणे शक्य नव्हते. मुलाने खटपट केली, पण शेवटी सगळे तिकडच्या लोकांनी उरकले आणि ताईंनी ते फोनच्या पडद्यावर पाहिले. मधे मधे चित्र थिजत होते. सुनेने फोन धरला होता, तिचा हात दुखू लागला तरी तिने तो हलवला नाही.

त्यानंतर ताई फारशा रडल्या नाहीत. लोक भेटायला येत, त्या पाणी द्यायच्या, बोलायच्या. सुनेला याचीच भीती वाटे. एका संध्याकाळी ती म्हणाली, “आई, मन मोकळं करा थोडं.”

ताई म्हणाल्या, “त्याची पेटी यायचीय अजून. ती येऊ दे.”

पेटी आली. मामांचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात नेहमीची गंमत नव्हती. “ताई, तुम्ही गोदीवर या. फोनवर सांगण्यासारखं नाही.”

गोदीतली शेड ताईंना घरासारखी पाठ होती. वर पत्रा, खाली तेलकट फरशी, ट्रकचा धूर, पावत्यांचे गठ्ठे काखेत मारून पळणारी माणसे. मामा त्यांना एका कोपऱ्यात घेऊन गेले. पिवळ्या फितीने जागा अडवली होती आणि मधे पेटी उभी होती.

आजूबाजूच्या खडबडीत, फिकट पेट्यांमध्ये ती अशी दिसत होती जणू कुणाच्या बैठकीच्या खोलीतून उचलून आणली आहे. गडद तपकिरी लाकूड, हात फिरवला तर कापडासारखे. कोपरे एकमेकांत असे बसवलेले की सांधा दिसू नये. वरच्या फळीच्या एका कडेला त्याने झाडाची साल तशीच ठेवली होती, ओबडधोबड, करड्या रंगाची, झाडावर असते तशी. ताईंनी सालीवर बोट टेकवले. हे त्याचे झाड. इतकी वर्षे त्यांनी याच्या बातम्या ऐकल्या होत्या.

मामा त्यांच्याकडे न बघता म्हणाले, “शिक्का नाही, ताई.”

ताईंनी पेटीला एक फेरी मारली. मग आणखी एक. जशा आजवर शेकडो पेट्यांना मारल्या होत्या तशाच.

“साल तर पहिल्या नियमातच बाद आहे,” मामा म्हणाले. “त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. तुम्ही दोघं मिळून मला शिकवाल एवढं ठाऊक होतं.”

“त्यानं टेबल केलं होतं, मामा.”

“टेबल म्हणून पाठवलं असतं, लाकूड भाजून, वेगळा दाखला घेऊन, तर गोष्ट वेगळी. आत मशीनं घातली की ते टेबल राहत नाही. पॅकिंगचं लाकूड होतं.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “एक आहे. शिक्का डागून देणारी माणसं असतात. पण असतात हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही.”

ताई पुन्हा सालीच्या कडेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मामांना वाटले, त्या हो म्हणणार. आणि ताई म्हणणारही होत्या, शब्द अगदी ओठांवर आला होता. मग म्हणाल्या, “मग मी ऐकलेलंही नाही. सरळ रस्ता कोणता?”

सरळ रस्ता एकच होता. विषारी वायूची धुरी देण्यासाठी अर्ज करायचा. दंड भरायचा. तपासणीत लाकूड निरोगी निघाले तर धुरी देऊन पेटी सोडतात, कधी कधी. ताईंनी अर्ज केला. अर्जात भावाच्या मरणाचा उल्लेख करावा का, यावरून मामांचे आणि त्यांचे थोडे वाजले. मामा म्हणाले, “लिहा. साहेब माणूसच असतो.” ताई म्हणाल्या, “लिहिल्यानं लाकूड भाजलं जात नाही.” आणि लिहिले नाही.

मधले दिवस ताईंनी कसेबसे काढले. दुकानात गिऱ्हाइकाला दोरा वेगळा, सुई वेगळी देऊ लागल्या. घरी जेवणाच्या खोलीतली रिकामी जागा झाडून पुसून ठेवायच्या. सुनेने विचारले, “आई, नाहीच सुटलं तर?” त्या म्हणाल्या, “माझा माल कधी अडलाय का आजवर?” म्हणताना त्यांनी नळ करकचून बंद केला.

तपासायला आल्या त्या लाकूड-वनस्पती खात्याच्या तपासनीस बाई, वयाने ताईंच्या सुनेएवढ्या. हातात छोटा हातोडा, चाकू, खिशात भिंग. त्यांनी कुणाशी जास्त बोलणे केले नाही. फळीवर हातोड्याने ठक ठक करत कान लावून फिरल्या. तीन बाजू झाल्या. आवाज भरीव होता, एकसारखा. मग बाई सालीच्या कडेपाशी आल्या, ठक केले, थांबल्या, पुन्हा केले.

त्यांनी चाकूचे टोक सालीखाली सरकवले. साल वरच्या बाजूने अलगद सुटली आणि आतून पिठासारखा पांढुरका भुगा फरशीवर पडला.

“ताजा आहे,” बाई स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी आणखी थोडे उकरले आणि भिंग धरले. मग ताईंना म्हणाल्या, “या, बघा.”

ताईंनी बघितले. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, पिवळसर अळी. उजेड पडल्यावर ती आपल्या बोगद्यात मागे मागे सरकत होती.

“जिवंत आहे,” ताई म्हणाल्या.

“हो.”

“धुरीनं मरेल ना?”

“ही मरेल. आत लाकडात खोल गेलेल्या असतील त्यांच्यापर्यंत वायू पोचत नाही. भुंगे होऊन बाहेर पडल्या की...” बाईंनी वाक्य अर्धे सोडले. “टेकडीपलीकडच्या बागा पाहिल्यात? पानं नाहीत, नुसते खांब उभे आहेत. ते असंच एका पेटीतून आलं होतं.”

“पाहिल्यात,” ताई म्हणाल्या. “त्यातली एक माझ्या माहेरची होती.”

बाईंनी मान खाली घातली. मामा उगाचच चष्मा पुसू लागले.

“साल काढून टाकली तर? सालीकडची ती फळी जाळा. बाकीची भरीव आहे, तुम्हीच ऐकलंत.”

“एकाच झाडाची आहे ना सगळी?”

ताई खोटे बोलू शकल्या असत्या. “एकाच झाडाची,” त्या म्हणाल्या.

“मग नाही हो देता येत. दोनच मार्ग राहतात. इथे जाळायची, नाहीतर जिथून आली तिथे परत पाठवायची. परत पाठवायची तर पाठवणाऱ्यानं ती घ्यायची तयारी लेखी दाखवावी लागते.”

ताईंनी मामांकडे पाहिले, जसे लहान मूल मोठ्याकडे बघते. मामा पुढे झाले आणि हळू आवाजात म्हणाले, “पाठवणारा नाही, मॅडम. त्यांचा भाऊ होता. जहाज वाटेत असताना गेला.”

बाईंनी फाइलीतला अर्ज काढून पाहिला. मग म्हणाल्या, “अर्जात लिहिलं नव्हतं.”

“लिहून काय झालं असतं?” ताईंनी विचारले.

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “मी चाकू जरा बेतानं लावला असता.”

मशिने बाहेर काढायला हमाल आले तेव्हा त्यांच्या हातात पहारी होत्या. ताई म्हणाल्या, “स्क्रू काढा. पहार लावायची नाही.” मुकादम हसला. “आजी, जाळायचीच आहे ना?” ताईंनी पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला. दुकानातला होता, त्या घेऊनच आल्या होत्या. फरशीवर बसून त्यांनी पहिला स्क्रू फिरवायला घेतला. मुकादमाचे हसणे विरले. त्याने पहार भिंतीला टेकवली आणि म्हणाला, “द्या इकडे. तुमचे हात दुखतील.”

वरची फळी निघाली. बाजू निघाल्या. मशिने एकेक करून बाहेर आली, प्रत्येकाच्या सुईखाली भावाने नेहमीसारखा कोऱ्या कापडाचा तुकडा ठेवलेला, त्यावर शिवून पाहिलेली सरळ टीप. फळ्यांच्या आतल्या अंगाला खाचा होत्या, आणि कोपऱ्यांचे चार खांब वरून गोल कातलेले. ताईंनी एक खांब उचलून खाचेवर धरला. तो आत जाऊन बसला.

त्यांनी तपासनीस बाईंकडे पाहिले. “एकदा उभं करून बघू का?”

मामांना वाटले, आता नाही म्हणतील. बाईंनी घड्याळाकडे पाहिले, फितीकडे पाहिले. “फितीच्या बाहेर न्यायचं नाही. एवढंच.”

हमालांनी खांब बसवले, मुकादमाने वरची फळी ठेवली आणि ते टेबल उभे राहिले. गोदीची फरशी उंचसखल होती, वर्षानुवर्षे लोखंड आपटून फुटलेली. ताईंनी दोन्ही तळवे एका कोपऱ्यावर ठेवले आणि सगळा भार दिला. मग दुसऱ्या कोपऱ्यावर. मग उरलेल्या दोन्हींवर.

ते हलले नाही.

“फरशी वाकडी आहे, तरी,” मुकादम वाकून बघत म्हणाला. “पायाला खालून फिरकी दिलीय. भार पडला की आपोआप कमी-जास्त होते. डोकं लावलंय हो माणसानं.”

“सुतार आहे माझा भाऊ,” ताई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हे चिडवण्यासाठी म्हटले नव्हते.

त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि टेबलावर ठेवला. मामांनी एक पालथे खोके ओढून दिले, त्यावर त्या बसल्या. टेबलाची उंची त्यांना नेमकी होती, कोपर न उचलता हात ठेवता येईल इतकी. त्याने ती कशी काढली असेल, कधी मोजली असेल, याचा विचार त्या करू लागल्या आणि घास तोंडातच राहिला. समोरची बाजू रिकामी होती. तिथेही एक माणूस आरामात बसला असता. त्या सावकाश जेवल्या. कुणी त्यांना घाई केली नाही. फोर्कलिफ्टवाल्याने गाडी लांबूनच वळवली. जेवण झाल्यावर त्यांनी टेबल पदराने पुसले.

जाळण्याआधी बाईंना नोंद करायची होती. पेन उघडून त्यांनी विचारले, “मालाचं वर्णन. काय लिहू?”

“टेबल लिहा.”

बाईंचे पेन थांबले. “टेबल लिहिलं तर फर्निचर होतं. मग ते जाहीर का केलं नाही, तिथून सुरुवात. तुमची मशीनं पुन्हा अडकतील.”

हे काय आहे, हाच प्रश्न सगळ्यात अवघड, असे मामांनी पहिल्या दिवशी सांगितले होते. मामांनाही ते आठवले असावे, कारण ते उठून शेडच्या दारापाशी जाऊन उभे राहिले.

“मग पॅकिंगचं लाकूड लिहा,” ताई म्हणाल्या, आणि खाली सही केली.

भट्टी शेडच्या मागे होती. तिथे थांबायची ताईंना गरज नव्हती, तसे बाईंनी सांगितलेही. ताई म्हणाल्या, “तिकडचं मी नीट पाहिलं नाही. चित्र थिजत होतं.” बाईंना त्याचा अर्थ लागला नाही, पण मामांना लागला. ते ताईंच्या शेजारी येऊन उभे राहिले.

आधी साल पेटली, तडतडत. मग फळ्या. वरची फळी शेवटी आत गेली. तिथे ताई रडल्या, तोंडावर पदर न घेता, गोदीच्या हमालांसमोर. मामांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि जाळ पूर्ण बसेपर्यंत काढला नाही.

मशिने सुटली, दुकानात आली, विकलीही गेली. एका शिंप्याने विचारले, “ताई, या वेळी रिकाम्या पेट्या नाहीत का? फडताळ करायचं होतं.” ताई म्हणाल्या, “आता पेट्या येणार नाहीत.”

घरी जेवणाच्या खोलीत सुनेने न सांगता एक टेबल आणून ठेवले होते. घडीचे, स्वस्तातले. “तात्पुरतं आहे, आई,” ती चाचरत म्हणाली. “जमिनीवर बसून तुमची कंबर धरते.” तिने पाने मांडली, पाणी ठेवले, आणि टेबल तिच्या बाजूला कलून पेला हिंदकळला. ती पटकन उठली, कुठून तरी कागद शोधला, त्याची घडी केली आणि पायाखाली सरकवायला वाकली.

“काढ तो,” ताई म्हणाल्या.

“सांडेल ना सगळं.”

“सांडलं तर पुसू.” ताईंनी एका हाताने पेला धरला, दुसऱ्या हाताने कोपरा दाबून पाहिला. टेबल खाली गेले, वर आले. “राहू दे असंच. डगमगू दे.”

सुनेने कागद काढून घेतला आणि समोर येऊन बसली. दोघी एका हाताने टेबल धरून जेवल्या.